बांधावर उगवलेलं रोप
(भिवंडीजवळच्या दिघाशी येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘विषशास्त्रज्ञ’ असं छापलंय. ते वाचून मघाशी चहा देणाऱ्या पोराने कप जरा लांबूनच पुढे सरकवला. घाबरू नका. विष करणं हे माझं काम नव्हतं. एखादं रसायन बाजारात येण्याआधी ते पांढऱ्या उंदरांना द्यायचं आणि त्यांचं काय बिघडतं ते बघायचं, यात माझी नोकरीची वर्षं गेली.

आजचा विषय आईच्या थायरॉईडचा आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूचा. गळ्याच्या घाटीखाली ही ग्रंथी असते. जेवणातलं आयोडीन घेऊन ती टी-फोर नावाचं संप्रेरक तयार करते. बाळाची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते आणि पाचव्या महिन्यापर्यंत तिचा म्हणावा तसा जम बसत नाही. तोवर बाळाचा मेंदू आईच्या टी-फोरवरच वाढतो.

वाढतो म्हणजे काय होतं? हे शहरात सांगताना मला चित्रं दाखवावी लागतात, इथे लागणार नाहीत. राब भाजून एका तुकड्यात भाताचं आवण टाकायचं आणि पाऊस लागला की रोपं उपटून दुसऱ्या खाचरात लावायची. मेंदूच्या पेशींचं तसंच आहे. त्या आतल्या बाजूला जन्मतात आणि सरकत सरकत बाहेरच्या थरात आपापल्या ओळीत जाऊन बसतात. ही लावणी वेळेवर व्हावी लागते. टी-फोर कमी पडला की काही रोपं वाटेतच राहतात.

हे कुणी डोळ्यांनी पाहिलं? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेत मेरी गिल्बर्ट नावाच्या बाई काम करत होत्या. थायरॉईड जास्त चालणाऱ्या रुग्णांना पूर्वीपासून देतात ते प्रोपिलथायोयुरॅसिल हे औषध त्यांनी आणि त्यांचे सहकारी गुडमन यांनी गाभण उंदरिणींना पिण्याच्या पाण्यातून थोडं थोडं दिलं. २००७ साली निष्कर्ष छापून आला. संप्रेरकाची घट माफक होती, पण पिल्लांच्या मेंदूत, दोन अर्धांना जोडणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यात, चेतापेशींचं एक गाठोडं बसलेलं होतं. त्या पट्ट्यात चेतापेशींच्या तारा असायला हव्यात, चेतापेशी नव्हेत. मला ते बांधावर उगवलेल्या भाताच्या रोपासारखं दिसतं. रोप हिरवं असतं, जिवंत असतं, फक्त जागा चुकलेली असते.

आता आमची नेहमीची चाचणी ऐका. रसायनांच्या चाचणीची ४२६ क्रमांकाची ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका २००७ सालचीच आहे. गर्भारपणाच्या सहाव्या दिवसापासून पिल्लं एकवीस दिवसांची होईपर्यंत आईला रसायन द्यायचं. प्रत्येक मात्रेला वीसेक वेत. चौथ्या दिवशी पिल्लं मोजून एका आईपाशी आठ ठेवायची, चार नर, चार माद्या. बाकीच्यांचं काय होतं ते विचारू नका. त्या दिवशी आमच्याकडे डबा कुणाला जात नसे. मग डोळे कधी उघडले, पिल्लू किती फिरतं, मोठ्या आवाजाला किती दचकतं, पाण्यातली वाट लक्षात ठेवतं का, हे सगळं नोंदवायचं. शेवटी मेंदूचं वजन करायचं आणि ठरावीक जागी काप घ्यायचे.

ठरावीक जागी. ते गाठोडं दोन कापांच्या मधे राहिलं तर अहवालात ‘विशेष काही नाही’ असंच जातं. मीही अशा अहवालांवर सह्या केल्या आहेत. शिवाय या मार्गदर्शिकेत आईचा किंवा पिल्लाचा टी-फोर मोजायची सक्ती नाही. गर्भावरच्या दुसऱ्या एका चाचणीत, ४१४ क्रमांकाच्या, आईचा टी-फोर मोजणं २०१८ साली घातलं गेलं. उशिरा का होईना, घातलं.

रसायनवाल्यांचा यावर एक मुद्दा असतो, आणि तो खोटा नाही. उंदराच्या रक्तातला टी-फोर दिवसाभराच्या आत निम्मा होतो, माणसाचा निम्मा व्हायला आठवडाभर लागतो. म्हणून उंदीर जास्त हळवा, माणूस तेवढा नाही, असं ते म्हणतात. मान्य. पण याच हिशेबाची दुसरी बाजू त्यांच्या अहवालात मला कधी वाचायला मिळाली नाही. प्रयोगशाळेतला उंदीर काय खातो? कारखान्यात भरलेला, मोजूनमापून आयोडीन घातलेला खुराक. त्याला आयोडिनाची ददात नसते. प्रत्येक गरोदर बाईला तसा खुराक मिळतो का?

हा नुसता तर्क नाही. फटाक्यांत आणि रॉकेटच्या इंधनात परक्लोरेट असतं. ते आयोडिनाला ग्रंथीच्या दारातच अडवतं. २००६ साली अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेतल्या ब्लाऊंट आणि सहकाऱ्यांनी हजारो लोकांच्या लघवीतलं परक्लोरेट आणि रक्तातला टी-फोर ताडून पाहिला. ज्या बायकांच्या लघवीत आयोडीन कमी होतं, त्यांच्यात परक्लोरेट जास्त तिथे टी-फोर कमी, असं ठळकपणे दिसलं. आयोडीन भरपूर असलेल्या बायकांत तसं दिसलं नाही. रसायन एकच, पण कुणाच्या ताटात काय आहे त्यावर त्याचा परिणाम ठरला.

आणि आईचा टी-फोर कमी पडला तर मुलाचं किती जातं? अमेरिकेतल्या मेन राज्यात २५,२१६ गरोदर स्त्रियांचं रक्त गोठवून ठेवलेलं होतं. हॅडो नावाच्या संशोधकांनी त्यातून थायरॉईड मंद असलेल्या ६२ जणी शोधल्या आणि त्यांची सात ते नऊ वर्षांची मुलं तपासली. १९९९ सालची गोष्ट. ज्या आयांना गरोदरपणात उपचार मिळाले नव्हते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक इतर मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी निघाला. सात गुणांनी कुणी वेडं ठरत नाही. मास्तर ‘लक्ष देत नाही’ म्हणतात, एवढंच.

भिवंडीच्या माणसांना एक जवळची गोष्ट सांगतो. सायझिंगमध्ये ताण्याला खळ लावतात. खळीला बुरशी लागू नये म्हणून कापडधंद्यात एके काळी पेंटाक्लोरोफिनॉल वापरलं जाई. टी-फोरला वाहून नेणारं एक प्रथिन रक्तात असतं, त्याच्यावर हे रसायन स्वतःच जाऊन बसतं. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसं. जर्मनीने १९८९ साली त्यावर बंदी घातली, पुढे आपल्याकडेही ते बंदीच्या यादीत गेलं. मात्र त्या काळात सायझिंगवर खपलेल्या माणसांचा टी-फोर कुणी मोजला असेल असं मला वाटत नाही.

खळीचाच आणखी एक उपयोग आहे. मिठात आयोडीन आहे का ते बघायच्या छोट्या बाटलीत स्टार्च असतं, म्हणजे खळच म्हणा. आयोडीन असेल तर मीठ निळं पडतं. नियमाने घरात पोचलेल्या मिठात दर दशलक्ष भागांत १५ भाग आयोडीन हवं. दिवसाला दहा ग्रॅम मीठ पोटात गेलं तर त्यातून दीडशे मायक्रोग्रॅम मिळतं. गरोदर बाईला अडीचशे लागतं. उरलेलं दूध, अंडी, मासळी यांतून यायचं, म्हणजे ज्या घरात हे येतं तिथेच.

दुपारी अंगणवाडीताईंनी माझ्यासाठी तीन घरांतून मिठाच्या पुड्या आणल्या. तिन्हींवर मी थेंब टाकले. दोन निळ्या झाल्या. तिसरी सुकटीच्या डब्याशेजारच्या बरणीतली, बाजारातून सुटं आणलेलं खडं मीठ. ती पांढरीच राहिली. त्या घरात सून सहाव्या महिन्यात आहे, असं ताई म्हणाल्या. तिन्ही पुड्या इथे टेबलावर आहेत. बाटलीही आहे. आपापलं मीठ घेऊन आला असाल तर पुढे या.