वैमानिकाचा नकार



वैमानिक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रुबाबदार गणवेश, खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या आणि भला मोठा पगार एवढेच उभे राहते. अशा माणसाच्या पगाराची आणि नोकरीची काळजी आपण सामान्य माणसांनी काय म्हणून वाहावी, हा प्रश्न आजच्या व्याख्यानाचा विषय वाचूनच पुष्कळांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी वैमानिकाचा वकील म्हणून देणार नाही. त्याच्या पाठीमागे कमरेला पट्टा बांधून बसलेल्या उतारूच्या बाजूने देणार आहे.

त्यासाठी आपण अमेरिकेत जाऊ, आणि २००९ साल घेऊ. ते वर्ष मंदीचे. पण तेथील विमानधंद्याला ओहोटी त्याआधीच लागली होती. १९७८ साली सरकारने भाड्यांवरचे नियंत्रण काढून घेतले आणि कंपन्यांत चढाओढ सुरू झाली. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर उतारू घटले. यूएस एअरवेज या कंपनीने २००२ साली आणि पुन्हा २००४ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. या उलथापालथीत वैमानिकांचे पगार कापले गेले आणि २००३ साली त्यांची निवृत्तिवेतनाची योजनाच मोडीत निघाली.

याच कंपनीचे एक विमान १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून उडाले. उडताच पक्ष्यांचा थवा आदळला आणि दोन्ही इंजिने निकामी झाली. कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर यांच्या हाती पुरती चार मिनिटेही नव्हती. त्यांनी विमान हडसन नदीच्या पाण्यावर उतरवले. आतील १५५ माणसे वाचली. विमानात पाणी शिरत असताना कोणी मागे राहिले नाही ना, हे त्यांनी दोनदा फिरून पाहिले आणि मगच ते बाहेर पडले. शेजारी बसलेले सहवैमानिक जेफ्री स्काइल्स हे पूर्वी स्वतः कॅप्टन होते. कंपनीचा पसारा आखडला तेव्हा त्यांना पुन्हा दुय्यम आसनावर बसावे लागले होते.

‘दाम करी काम’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती येथे लागू पडते काय? दाम तर कापला गेला होता; काम मात्र तसूभरही कमी झाले नाही. तेव्हा कोणी म्हणेल, “पगार कापूनही माणसे इतकी चोख वागतात, मग तक्रार कशाची?” श्रोतेहो, हाच तो धोक्याचा विचार आहे. त्याचे उत्तर पुढल्याच महिन्यात मिळाले.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोकडे निघालेले एक विमान एका घरावर कोसळले आणि ५० माणसे गेली. तिकिटावर नाव बड्या कंपनीचे होते. विमान आणि वैमानिक कोलगन एअर या धाकट्या कंपनीचे होते. विमानाचा वेग घटल्याचा इशारा मिळताच नाक खाली दाबायला हवे होते. कॅप्टनने सुकाणू मागे ओढले. चौकशीत हीच चूक अपघाताचे कारण ठरली, आणि मी तिच्यावर पांघरूण घालू इच्छीत नाही. परंतु त्याच चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. सहवैमानिक अवघी २४ वर्षांची तरुणी होती. तुटपुंज्या पगारावर ती काम करीत होती. देशाच्या दुसऱ्या टोकाहून, सिअ‍ॅटलकडून, ती रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. तिला बरे वाटत नव्हते. विमानातील ध्वनिमुद्रणात तिचे बोलणे सापडले. त्याचा आशय असा की, घरी असते तर आजारी म्हणून कळवले असते. पण आता इथवर आल्यावर रजा घ्यायची तर हॉटेलचा खर्च आपल्याच अंगावर पडणार.

कमी पगारामुळे विमान पडले, असे मी म्हणत नाही. चौकशी समितीनेही तसे म्हटले नाही. मी एवढेच म्हणतो की, त्या मुलीला “आज मी उडू शकत नाही” असे म्हणायचे होते आणि ते म्हणणे तिला परवडणारे नव्हते.

वैमानिकाच्या कामाचे मर्म या एका वाक्यात आहे. विमान चालवणे ही त्याची अर्धी विद्या. धुके दाट आहे, यंत्रात बिघाड आहे, माझी झोप झालेली नाही, म्हणून आज विमान निघणार नाही, असे सांगणे ही उरलेली अर्धी. कायदा कॅप्टनला अखेरचा शब्द देतो. पण कायद्याने दिलेला शब्द उच्चारायला छातीत बळ लागते; आणि घरी चूल पेटेल की नाही या चिंतेत असलेल्या माणसाच्या छातीत ते किती उरणार?

अमेरिकेत तर त्याला दुसरीकडे जाण्याचीही सोय नाही. वकिलाने गाव बदलले तर त्याचा अनुभव त्याच्याबरोबर जातो. वैमानिकाचे तसे नाही. तो कंपनीत रुजू होतो त्या दिवसावरून त्याला ज्येष्ठतेचा क्रमांक मिळतो. कॅप्टन केव्हा होणार, कोणते विमान मिळणार, नाताळात घरी असणार की आकाशात, हे सारे त्या क्रमांकावर ठरते. मंदी आली की कपात यादीच्या तळापासून सुरू होते. वीस वर्षांच्या नोकरीनंतर त्याने कंपनी बदलली, तर दुसरीकडे तो पुन्हा तळाशी! मालकाला हे पक्के ठाऊक असते.

त्या वर्षी २४ फेब्रुवारीला सलेनबर्गर अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे गेले. आपला पगार ४० टक्के कापला गेला आणि निवृत्तिवेतन गेले, हे त्यांनी सांगितले. पण त्यांची खरी चिंता निराळी होती. आपल्या मुलांनी या पेशात यावे असे वाटणारा एकही व्यावसायिक वैमानिक आपल्याला ठाऊक नाही, असे ते म्हणाले. आजचा अनुभवी माणूस पोटाला चिमटा घेऊनही कर्तव्य करील. पण उद्या त्या आसनावर कोण बसणार?

मालकांचीही बाजू आहे. रिकामी विमाने उडवून पगार कोठून द्यावेत? मंदीत झीज सर्वांनाच सोसावी लागते, आणि ती वरपासून खालपर्यंत सारखी वाटली तर वैमानिकाने कुरकुर करू नये. परंतु निवृत्तिवेतन हे दान नव्हे. ते केलेल्या कामाचे राखून ठेवलेले वेतन आहे. आणि थकलेल्या माणसाची रजा ही काटकसरीची जागा नव्हेच नव्हे.

हे दूरचे म्हणून सोडून देऊ नका. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचे अखेरचे विमान अमृतसरहून मुंबईकडे निघाले आणि कंपनीचे काम थांबले. त्याआधी काही महिने वैमानिकांचे पगार थकले होते, तरी ते उडतच होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालमत्ता विकून कंपनी निकालात काढण्याचा आदेश दिला. ज्यांनी त्या महिन्यांत तिकिटे काढली, त्यांपैकी कितीजणांनी विचारले असेल की, पुढे बसलेल्या माणसाला पगार मिळाला आहे काय?

अमेरिकेने धडा घेतला, पण ५० जिवांचे मोल देऊन. २०१० साली कायदा होऊन सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तासांच्या उड्डाणाची अट आली. विश्रांतीचे नवे नियम २०१४ पासून लागू झाले. नियम चांगलेच आहेत. पण “मी थकलो आहे” हे शेवटी माणसालाच सांगावे लागते, आणि ते सांगितल्याने नोकरी जाणार नाही याची खात्री त्याला हवी असते.

म्हणून, सज्जनहो, वैमानिकाच्या नोकरीची शाश्वती ही त्याची चैन समजू नका. ती आपल्या जिवाची हमी आहे. आपले विमान केव्हातरी तासभर उशिरा सुटेल, कॅप्टनने निघण्यास नकार दिला असे सांगितले जाईल. त्या वेळी त्रागा न करता, नकार देण्याइतका तो निर्भय आहे याचे समाधान माना.