पाळण्याची स्प्रिंग 'कडक' हवी म्हणजे नक्की काय?

पोटापाण्यासाठी मी कोड लिहितो, पण बीटेकला शिकलेलं मटेरियल सायन्स अजून डोक्यातून जात नाही. आज बोलूया बाळाची झोळी जिला टांगतात, त्या स्प्रिंगबद्दल.

झोळी फार खाली येते म्हणून आपण दुकानात सांगतो, "जरा कडक स्प्रिंग द्या." या 'कडक'मध्ये दोन गोष्टी मिसळल्यात. एक ताठपणा, म्हणजे अमुक वजनाला ती किती ताणते. दुसरी हार्डनेस. गंमत अशी, की पोलादाची हार्डनेस वाढवली तरी ताठपणा जवळपास तेवढाच राहतो! तो ठरतो तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर. बाकी सगळं तेच ठेवून 2 मिमीऐवजी 2.2 मिमी तार घेतली, तर ताठपणा जवळजवळ दीडपट. कारण इथे जाडीचा चौथा घात लागतो.

मग हार्डनेस कशाला बघायची? ताण सोडल्यावर स्प्रिंग मूळ लांबीवर येणार की लांबलेलीच राहणार, याचा अंदाज त्यातून येतो. कमी असेल तर ती लांबून बसते, फार जास्त असेल तर काडकन तुटते. पोलादी स्प्रिंगला रॉकवेल सी मापावर साधारण 40 ते 50 चालतं.

पण मोजायचं कसं? रॉकवेल सीमध्ये हिऱ्याचा शंकू 150 किलोच्या भाराने दाबतात. आकडा 45 आला, म्हणजे तो 0.11 मिमी आत गेला. जाडी त्याच्या किमान दहापट हवी. त्यात तार गोल, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून बारीक तार आडवी कापून, रेझिनमध्ये बसवून, पॉलिश करून विकर्स पद्धतीने हलक्या भारावर तपासतात.

आता महत्त्वाचं. आकडा बरोबर असूनही स्प्रिंग तुटू शकते. चकचकीत मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरतो. नंतर साधारण 200 अंशांना काही तास भाजलं नाही, तर तार ठिसूळ होते. दमट हवेत गंजाच्या खड्ड्यातून तडा सुरू होतो, तिथे स्टेनलेस बरं. आणि सगळ्यात जास्त ताण येतो हुकाच्या वाकणात.

तेव्हा हुक अधूनमधून नीट बघा. गंज किंवा तडा दिसला, की स्प्रिंग बदला. आणि स्प्रिंगला समांतर एक मजबूत दोरी थोडी सैल बांधा, वर आणि खाली दोन्हीकडे, स्प्रिंगच्या हुकांना सोडून. स्प्रिंग गेली तरी बाळ दोरीवर राहील.

भेटू पुढच्या भागात!