हिवाळा आणि पायांच्या भेगा

डिसेंबर-जानेवारीत कोरडे वारे वाहू लागले, की पेडणे व डिचोली तालुक्यांतील कष्टकऱ्यांच्या टाचांना भेगा पडतात. याच सुमारास वायंगण भाताची लावणी चालते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या शेतातील पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशा भेगांवाटे शरीरात शिरू शकतात. म्हणून भेग क्षुल्लक मानू नये.

स्नान कोमट पाण्याने करावे, साबण बेताने वापरावा आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल चोळावे. भिरंडांच्या बियांपासून काढलेले घट्ट कोकमतेल किंचित तापविताच वितळते. रात्री पाय धुऊन, पुसून ते भेगांत भरावे. चिखलात उतरताना रबरी बूट घालावेत. मधुमेहींनी, तसेच भेगांतून रक्त वा पू येत असलेल्यांनी विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.