दुहेरी तावदानांची खिडकी

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी थंड मुलुखात जाऊन आलेल्या आपल्या मंडळातील भगिनी मोजायला बसले, तर दोन्ही हातांची बोटे पुरणार नाहीत. जाताना आपण डिंकाचे लाडू, अळीव, मऊ दुपटी सारे आठवणीने नेतो. पण बाळ-बाळंतीण ज्या खोलीत निजायची, तिच्या खिडकीचा विचार कोणी करीत नाही. चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी "खिडकी" म्हणाले, तर त्या हसल्याच! तरी मी तोच विषय घेते. कारण तिकडे खोलीतली ऊब, भिंतीवरची बुरशी आणि महिन्याचे बिल, तिन्ही गोष्टी खिडकीपाशी येऊन मिळतात.

आपण म्हणतो, "काचेतून थंडी येते." खरे पाहता येत काही नाही, आतली ऊब बाहेर जाते. खोलीत 20 अंश आणि बाहेर 0 अंश असताना एकेरी काचेच्या एका चौरस मीटरमधून सुमारे 115 वॅट उष्णता सतत निघून जाते. म्हणजे पूर्वीचा शंभराचा दिवा रात्रंदिवस अंगणात जळत ठेवल्यासारखेच झाले. मग काच जाड घ्यावी, असे कोणालाही वाटेल. त्याने जवळजवळ काहीच साधत नाही, कारण काच हवेच्या सुमारे चाळीसपट उष्णता वाहून नेते. अडवते ती काच नव्हे, तर कोंडलेली, न हलणारी हवा. आपल्या गोधडीचे मर्म तेच. एका जाड चादरीपेक्षा दोन पातळ चादरी अधिक ऊब देतात, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

म्हणून दोन तावदाने आणि मध्ये पोकळी. अमेरिकेत थॉमस स्टेट्सन यांनी अशा जोडकाचेचे पेटंट 1865 साली घेतले. व्हिएन्ना-बर्लिनच्या जुन्या घरांत एकामागे एक अशा दोन स्वतंत्र खिडक्या असतात, आणि रशियात हिवाळ्यापूर्वी दोन चौकटींच्या मध्ये कापूस घालून फटींवर कागद चिकटविण्याची रीत होती. ही पोकळी किती असावी, यात खरी कारागिरी आहे. फार अरुंद ठेवली तर हवेचा थर अपुरा पडतो. फार रुंद केली तर आतली हवाच फिरू लागते, उबदार काचेपाशी वर चढते, गार काचेपाशी खाली उतरते, आणि ऊब पलीकडे पोचवून येते. साधारण 12 ते 16 मिलिमीटर हे माप ठीक बसते. एवढ्याने 115 वॅटचे 56 वर येतात.

पुढची पायरी मला सर्वांत मौजेची वाटते. निखाऱ्यासमोर बसले की मधली हवा गार असली तरी तोंड भाजते ना? तसेच उबदार काच पलीकडच्या गार काचेकडे उष्णतेचे किरण टाकीत असते. त्यांना परतवायला थर्मासच्या बाटलीला आतून चांदीचा मुलामा देतात. तेलाच्या 1973 सालच्या टंचाईनंतर इंधन वाचवण्याचे प्रयत्न सुरू झाले, त्यात काचेवर चांदीचा इतका पातळ थर देण्याची युक्ती पुढे आली की उजेड आरपार जातो आणि खोलीची ऊब मात्र माघारी फिरते. कॅलिफोर्नियातील बर्कली प्रयोगशाळेचा या कामात मोठा वाटा आहे. पोकळीत हवेऐवजी आरगॉन वायू भरतात. तो हवेपेक्षा तृतीयांशाने कमी उष्णता नेतो. दोन्ही मिळून आकडा 22 वॅटच्या आसपास येतो, आणि तीन तावदानांत 14 पर्यंत. जर्मनीत डार्मस्टाट येथे 1991 साली बांधलेल्या प्रसिद्ध घरात तीन तावदानेच आहेत.

आता तुमच्या कामाचे सांगते. एकेरी काचेची आतली बाजू त्या थंडीत 5 अंशांवर उतरते, साध्या दुहेरीची 13 वर, मुलामा दिलेलीची 17 वर. वीस अंशांच्या खोलीत हवेतली आर्द्रता निम्मी, म्हणजे 50 टक्के असली, तर नवाच्या आसपास दव धरते. म्हणजे एकेरी काच पाझरणार, चांगली दुहेरी कोरडी राहणार. पण आपण तिथे जाऊन काय करतो? डाळ शिजवतो, कुकरच्या शिट्ट्या काढतो, लंगोट खोलीतच वाळवतो आणि बाळाला वारा लागेल म्हणून खिडकी उघडू देत नाही. आर्द्रता वाढते, तशी दुहेरी काचही कडेने ओली होते, आणि मग कोपऱ्यात काळी बुरशी. ती बाळाच्या छातीला वाईट. दिवसातून दोन-तीनदा बाळाला दुसऱ्या खोलीत नेऊन पाच-दहा मिनिटे खिडकी सताड उघडावी. भिंती तेवढ्याने गार होत नाहीत, ओल मात्र निघून जाते.

पाणी कुठे धरले आहे, तेही पाहावे. आतून असेल तर पुसावे आणि खोलीत वारा खेळवावा. दोन काचांच्या मध्ये असेल, तर कितीही पुसून उपयोग नाही. कडेच्या पट्टीत ओल शोषणारे दाणे असतात, औषधाच्या बाटलीतल्या पुडीसारखे. बाजूची लांबी फुटली की ते भिजून निकामी होतात. ती जोडकाच बदलावीच लागते. घर भाड्याचे असेल तर मालकाला कळवावे. पहाटे बाहेरच्या बाजूला दव दिसले तर मात्र खुशाल चहा घ्यावा. ऊब आत राहिल्यामुळेच बाहेरची काच इतकी गार पडली आहे.

एकेरी काचेच्या घरात पाळणा खिडकीपाशी ठेवू नये. काचेवरची गार हवा जड होऊन खाली ओघळते; म्हणूनच तिकडे तापवायची नळी खिडकीखाली बसवतात. तिच्यावर पडदा सोडला तर ऊब पडद्यामागेच राहते.

आपल्याकडे काय, असे मघाशी शेजारच्या वहिनींनी विचारले. दिवसभर खिडक्या उघड्या टाकणाऱ्या घराला या काचेचा उपयोग नाही. वातानुकूलित खोली असेल किंवा रस्त्याचा गोंगाट असेल तर विचार करावा. पण मग ऊन अडवणारा मुलामा मागावा, तो निराळा असतो. आणि पश्चिमेच्या खिडकीवर आधी बाहेरून छज्जा किंवा चिकाचा पडदा लावून पाहावा, तो पुष्कळ स्वस्त पडतो.