वहीतलं टिंब

मी बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. संगणकातलं मला फारसं कळत नाही. तरीही आज व्यवसायासाठी खास बनवून घेतल्या जाणाऱ्या वेब अ‍ॅप्लिकेशनबद्दल बोलणार आहे. त्यातला एक धडा मी भाच्याशेजारी बसून शिकलो.

इचलकरंजीत यंत्रमागाचा धंदा कसा चालतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. व्यापारी सूत देतो, खर्चीवाला यंत्रमागधारक कापड विणून देतो आणि पिकानुसार मजुरी घेतो. पीक म्हणजे कापडातला आडवा धागा. एका इंचात असे धागे किती, त्यावर मीटरचा दर ठरतो. हा हिशेब पेढीवरचे दिवाणजी वहीत ठेवत आले. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, कागदपत्रं वाढली, आणि एका पेढीच्या मालकांनी माझ्या भाच्याला सांगितलं, "आमच्या धंद्यापुरतं काहीतरी बनवून द्या."

भाच्याने मालकांबरोबर दोन बैठका केल्या आणि तीन महिन्यांत काम उभं केलं. सूत किती गेलं, कापड किती आलं, मजुरी किती, उचल किती, सगळं एका पडद्यावर!

पहिल्याच महिन्यात, ईदच्या आठवड्यात, एक खर्चीवाला बिल घ्यायला आला. संगणकाने त्याची सगळी उचल एकदम वळती करून घेतली. हाती शून्य. वजाबाकी अचूक होती. तो काही न बोलता निघून गेला.

"मामू, प्रोग्राममध्ये चूक नाही हो," भाचा मला म्हणाला. मी त्याला दिवाणजींकडे घेऊन गेलो. त्यांनी जुनी वही उघडली. काही नावांपुढे शाईचं बारीक टिंब होतं.

"ज्याच्या घरी आजारपण, लग्न, सण असेल, त्याची उचल निम्मीच कापायची. मालकांच्या वडिलांपासूनची रीत आहे पोरा."

मालकांना ही रीत सांगायचं सुचलं नव्हतं आणि दिवाणजींना कुणी विचारलंच नव्हतं. 'रग'वर टिंब दिलं की 'रंग' होतो, हे कवी म्हणून मला ठाऊक. पण या टिंबावर कुणाची तरी ईद अवलंबून होती.

भाचा मग चार दिवस दिवाणजींच्या शेजारी नुसता बसून राहिला. नेमकं काय बनवायचं हे ठरवणं हाच सर्वांत अवघड भाग, असं फ्रेड ब्रूक्स या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९८६ सालीच एका निबंधात मांडलं होतं. भाच्याने ते कॉलेजात वाचलं होतं, कळलं पेढीवर. या वेळी त्याने आधी कागदावर पडदे काढून दिवाणजींना दाखवले. उचलीचा हप्ता कमी करण्याची सोय ठेवली. तो कुणी, केव्हा बदलला याची नोंद आपोआप राहील, असं केलं. दोन महिने वही आणि संगणक बरोबरीने चालवले. फरक निघाला की दोघे मिळून कारण शोधत.

आज ते काम नीट चाललं आहे. तो खर्चीवाला मात्र दुसऱ्या पेढीकडे गेला, तो परत आला नाही.

तेव्हा आपल्या दुकानासाठी, कारखान्यासाठी असं काही बनवून घेणार असाल, तर खर्च किती हे जरूर विचारा. पण त्याआधी बनवणाऱ्याला आपल्या दिवाणजींच्या शेजारी बसवा. वही उघडी ठेवा, आणि समासातल्या खुणासुद्धा त्याला वाचून दाखवा.