चटका, पण वेळेवर

मंडळी, मोदकांनंतर छातीत जळजळले की आपण सोडा पिऊन विसरतो. पण जळजळ वर्षानुवर्षे राहिली, तर काहींच्या अन्ननलिकेचे अस्तर बदलते. त्याला ‘बॅरेट’ म्हणतात. त्यातून क्वचित कर्करोग होतो. तो अस्तरापुरताच असेल, तर दुर्बिणीतून गाठ काढतात आणि उरलेले बिघडलेले अस्तर रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेने जाळतात. चटका १ मिलिमीटरपेक्षाही कमी खोल जातो. तिथे निरोगी अस्तर भरून येते, अन्ननलिका शाबूत राहते. पुढे आम्लाची औषधे व दुर्बिणीची तपासणी मात्र चुकवायची नाही.

घास अडकू लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून पन्नाशी ओलांडलेल्यांनो, विशेषतः सिगारेट ओढणाऱ्यांनो, जुनी जळजळ अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. गणपती बाप्पा मोरया!