तेरची थापटणी, पॅरिसची नजर



धाराशिवात फ्रेंच तत्त्वज्ञानाचा विषय काढायचा तर तेरपासून सुरुवात केलेली बरी. आख्यायिका सगळ्यांना पाठ आहे. संतमंडळी तेरच्या गोरोबाकाका कुंभारांच्या घरी जमली, मुक्ताबाईंनी मडकी थापायच्या थापटणीचा विषय काढला आणि काकांनी मडकी पारखावीत तसे एकेकाचे डोके ठोकून पाहिले. बाकीचे गप्प राहिले. नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. प्रत्यक्ष विठ्ठलाशी बोलणारा माणूस, पण त्याची पारख कुंभाराच्या हाती!

‘मी कोण’ हे दुसऱ्याकडून ठरते, या पेचाने विसाव्या शतकात पॅरिसलाही छळले. १९३३ ते १९३९ या काळात अलेक्झांडर कोजेव्ह तिथे हेगेलवर व्याख्याने देई. समोर लाकां, बाताय, मर्लो-पाँती बसत. मालक आणि दास यांची झुंज मान्यतेसाठी असते, आणि ज्याला आपण माणूस मानत नाही त्याने दिलेली मान्यता मालकाला पुरत नाही, ही त्याची मांडणी. सार्त्रने १९४३ मध्ये हा पेच दाराच्या कुलपाशी आणला. किल्लीच्या भोकातून आत पाहणाऱ्याला मागे पावले वाजल्यासारखी वाटतात आणि तो शरमेने गोठतो.

पण सार्त्रच्या त्या माणसाला दारापासून उठून जाता येते. मार्टिनिकच्या फ्रान्झ फॅनॉनला ती सोय नव्हती. १९५२ च्या त्याच्या पुस्तकात एक गोरे पोर त्याला पाहून भेदरते आणि आईला बिलगते. फ्रान्समध्ये डॉक्टरकी शिकलेला माणूस, पण तेवढ्यात नुसती कातडी उरतो. हेगेलला त्याने उत्तर दिले ते एका तळटीपेत: इथल्या मालकाला गुलामाकडून मान्यता नको असते, काम हवे असते.

महार वतन समजून घ्यायला ही तळटीप पुरे. निरोप पोचवायचे, राखण करायची, मेलेली जनावरे ओढायची. मोबदला म्हणजे वतनाची जमीन आणि बलुते. गावाचे महारावाचून अडे, पण त्याचे घर गावकुसाबाहेरच. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. फेब्रुवारी १९४१ मध्ये याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्यात त्यांच्या अध्यक्षतेखाली महार-मांग वतनदार परिषद भरली. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा यायला मात्र १९५८ उजाडले.

कायद्याने वतन गेले, नजर गेली नाही. १९६३ च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहातल्या शीर्षककथेत बाबुराव बागुलांनी तिचा छडा लावला. नोकरीसाठी परगावी गेलेला नायक जात लपवतो तोवर आदराला पात्र असतो. ती उघड होताच मार खातो. माणूस तोच, काम तेच. मान्यतेच्या चर्चेत ही कथा सार्त्रच्या प्रसंगापेक्षा वजनदार ठरते, कारण तिच्यात शरम वाटायला हवी ती पाहणाऱ्याला. गोरोबाकाकांची थापटणी निदान सगळ्यांच्या डोक्यावर सारखीच पडली होती.

आपल्या महाविद्यालयांत हेगेल शिकवला जातो, तो तडवळ्याचे नाव न घेता. हे आता बदलावे. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी कसबे तडवळ्याला जावे, वतनाची कामे केलेल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांशी बोलावे, त्यांच्याकडचे कागद आणि आठवणी नोंदवून घ्याव्यात. आणि पुढचा निबंध मराठीत लिहावा.